घरकुल मंजूर आहे, पण बांधायचे कुठे? गावठाण, ले-आउट आणि भूमिहीनांची जागा

मूळ धागा : वणाकाठ (वर्धा जिल्हा)

आपल्याकडे खेड्यातल्या घराचा प्रश्न निघाला की बोलणे लगेच अनुदानाच्या रकमेवर येते. रक्कम अपुरी आहे, हे खरेच आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशातल्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले; सिमेंट, सळाख, गिट्टी आणि मिस्त्रीची मजुरी कुठल्या कुठे गेली तरी केंद्राचा तो आकडा तिथेच थांबला आणि २०२५ मध्ये राज्याने त्यात ५० हजारांची भर घातली. परंतु माझ्या मते घर अडते ते पैशाच्या आधी जागेपाशी. यादीत नाव आहे, मंजुरीचे पत्र आहे, पण ज्याच्या नावावर हातभरही जागा नाही त्याने पाया खोदायचा कुठे, याचे उत्तर पंचायत समितीत मिळत नाही आणि तहसीलमध्येही मिळत नाही.

याचे मूळ गावठाणात, म्हणजे गावाच्या वस्तीसाठी ठरवलेल्या हद्दीत आहे. आपला पूर्व विदर्भाचा भाग मालगुजारीचा, म्हणजे गावाचा महसूल गोळा करणाऱ्या मालगुजाराच्या ताब्यातला. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, आबादीची जागा सरकारकडे आली आणि गावाची हद्द जुन्या नकाशात होती तशीच राहिली. त्या हद्दीत आज तिसरी-चौथी पिढी नांदते आहे. माझ्या शेजारच्या घराचेच उदाहरण देतो. मूळचे कवेलूचे दोन खणांचे घर; भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा मधल्या खणातून विटांची भिंत घातली, धाकट्याची चूल सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत गेली, आणि आता त्याच्या मुलाचे लग्न झाल्यापासून सांदवाडीवर टिनाचे पत्रे पडले. घरकुल तिघांच्याही नावे मंजूर होऊ शकते. जागा मात्र एकाच घराची आहे, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत ती अजूनही आजोबांच्या नावावर आहे.

दुसरीकडे रस्त्याच्या कडेची वावरे बघा. जिथे पऱ्हाटी उभी असायची तिथे सिमेंटचे खांब, चुन्याच्या रेघा आणि मुरमाचे रस्ते दिसतात, मोठी कमान उभी राहते आणि भूखंडांची विक्री सुरू होते; यालाच ले-आउट म्हणतात. म्हणजे गावाची वाढ होतेच आहे. ती कोणासाठी आणि कोणत्या दिशेने व्हावी, हे मात्र ज्याच्या हाती भांडवल आहे तो ठरवतो. भूमिहीन लाभार्थ्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यासाठी पूर्वी ५० हजार आणि आता १ लाख रुपये मिळतात. हिशेब केला तर २०० रुपये चौरस फूट झाले. पक्क्या रस्त्यालगतच्या ले-आउटमध्ये या भावाने जागा मिळत नाही, आणि मिळाली तरी तिथला भूखंड हजार-पंधराशे चौरस फुटांचा असतो; पाचशेचा तुकडा कोणी काढून देत नाही.

तालुक्याच्या गावांची अडचण आणखी निराळी आहे. आमच्या जिल्ह्यात सेलू, समुद्रपूर, कारंजा आणि आष्टी या ठिकाणी आता नगर पंचायती आहेत. नगर पंचायत झाली की ग्रामीण योजना जाते आणि शहरी योजना येते. त्यात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्र व राज्य मिळून अडीच लाख मिळतात, परंतु मालकीचा कागद लागतो, आणि जागेचा भाव नेमका त्याच वेळी वर सरकलेला असतो. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे २०२० पासून लागू असलेल्या यूडीसीपीआरमध्ये, मोठ्या ले-आउटमधले २० टक्के भूखंड दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी लहान आकाराचे ठेवण्याची तरतूद आहे. ती फक्त दहा लाखांवर लोकसंख्येच्या महानगरपालिकांना लागू होते. विदर्भात अशी महानगरपालिका एकच, नागपूर. मग जिथे जमीन अजून थोडी तरी स्वस्त आहे आणि नियोजन वेळेवर करता येईल, त्या तालुक्याच्या गावांना ही तरतूद का नसावी?

माझे म्हणणे असे आहे की प्रत्येक गावाने पुढच्या वीस वर्षांच्या घरांचा अंदाज घेऊन गावठाण विस्ताराची मागणी करावी, आणि प्रत्येक नव्या ले-आउटमध्ये काही भूखंड पाचशे-सहाशे फुटांचे असावेत. विस्ताराची जागा गावाला लागूनच हवी. वीस कलमी कार्यक्रमाच्या काळात भूमिहीनांना घरांच्या जागा दिल्या गेल्या, त्यांतल्या कितीतरी नाल्याच्या पलीकडे किंवा गावापासून तुटलेल्या होत्या. निंदणाला आणि वेचणीला जाणाऱ्या बाईला सकाळी मजुरांचा ऑटो चौकात गाठावा लागतो. पोराला शाळा, म्हाताऱ्याला दवाखान्यासाठी एसटीचा थांबा लागतो. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. रस्ते, नाल्या आणि मोकळी जागा यांत निम्मी जमीन गेली असे धरले तरी पाचशे फुटांचे ४३ भूखंड निघतात. बऱ्याच लहान गावांची आजची निकड एवढ्यात भागेल.

जाणकारांनी कायद्याची बाजू सांगावी, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनीही मोकळेपणाने लिहावे.

प्रतिसाद : सातबारा

मी महसूल खात्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे, म्हणून कायद्यापुरते लिहितो.

गावठाणाची हद्द ठरवण्याचा आणि ती बदलण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांना आहे. म्हणजे विस्तारासाठी नवा कायदा लागत नाही. लागतो तो प्रस्ताव, आणि प्रस्ताव गावातूनच गेला पाहिजे. त्याच संहितेत नंतर घातलेल्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, प्रादेशिक योजनेत तिच्यावर विकासाला मनाई नसेल तर, निवासी वापरासाठी स्वतंत्र अकृषक (बिगरशेती) परवानगीशिवाय वापरता येते. रूपांतराचे ठरलेले शुल्क भरावे लागते, एवढेच. ही तरतूद चांगली आहे, परंतु तिचा लाभ गावालगत ज्यांचे वावर आहे त्यांनाच होतो. भूमिहीनाच्या पदरात त्यातून आपोआप काही पडत नाही.

आता अधिक महत्त्वाचे. पाचशे फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. शेतजमिनीतून एवढा तुकडा विकत घ्यायचा म्हटले की १९४७ चा तुकडेबंदी कायदा, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान शेततुकड्यांच्या व्यवहाराला मनाई करणारा कायदा, वर्षानुवर्षे आडवा येत आला. २०२३ मध्ये हे किमान, म्हणजे प्रमाणभूत क्षेत्र कमी करून जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे करण्यात आले, तरी पाचशे फूट त्यात कुठेच बसत नाहीत. त्यामुळे लोक साध्या मुद्रांकावर इसारचिठ्ठी करतात, नोटरीकडे शिक्का मारून घेतात आणि घर बांधून मोकळे होतात. पुढे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नव्या नावाची नोंद, होत नाही आणि घरकुलाच्या यादीत नाव आले तरी जागेचा पुरावा म्हणून तो कागद चालत नाही. यावर मार्च २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आहे. ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्यासाठी १,००० चौरस फुटांपर्यंतच्या जमिनीच्या हस्तांतरणाला जिल्हाधिकारी परवानगी देऊ शकतात. विहीर आणि शेतरस्ता यांच्यासाठीही त्याच दुरुस्तीत सोय आहे, म्हणून तिची चर्चा विहिरीपुरती झाली आणि घरकुलाचा भाग लोकांपर्यंत पोहोचलाच नाही. गावालगतचा एखादा कास्तकार वाजवी भावाने जागा द्यायला तयार असेल, तर जागा खरेदीचे १ लाख आणि ही परवानगी या दोन्ही गोष्टी एकत्र आणून रीतसर खरेदीखत होऊ शकते.

प्रतिसाद : पऱ्हाटी

मी कास्तकार आहे आणि रस्त्याला लागून असलेले अडीच एकर ले-आउटवाल्याला विकले आहे, त्यामुळे ही बाजूही वाचावी. समृद्धी महामार्गाचे काम सुरू झाल्यावर येळाकेळीच्या इंटरचेंजच्या बाजूने दलाल फिरू लागले. कापसाचा एकरी खर्च आणि हाती येणारा पैसा यांचा मेळ बसत नव्हता, मुलीचे शिक्षण नागपूरला चालू होते, डोक्यावर सोसायटीचे कर्ज होते. शेती विकून कोणाला आनंद होत नाही. आता नियोजनाच्या नावाखाली प्रत्येक ले-आउटमध्ये स्वस्त भूखंड सक्तीचे केले, तर ले-आउटवाला ते नुकसान स्वतः सोसणार नाही. तो कास्तकाराला तेवढा भाव कमी देईल. गावातल्या भूमिहीनाला घर मिळावे, याला माझा विरोध नाही. त्याचा भार शेवटी कास्तकारावर पडू नये, एवढेच म्हणणे आहे. सरकारला जागा हवी असेल तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला देऊन घ्यावी.

प्रतिसाद : अंगणवाडीताई

मी अशाच एका ले-आउटमध्ये राहते, म्हणून तिथे राहणे कसे असते ते सांगते. भूखंड घेताना नकाशावर मधोमध मोकळी जागा होती आणि त्यात लेकरांसाठी बाग होईल असे सांगितले होते. त्या जागेला आता तारेचे कुंपण आहे आणि एका कोपऱ्यात कोणाचे तरी बांधकाम सुरू झाले आहे. काळ्या मातीवर अंथरलेला मुरूम पहिल्या दोन पावसांत खाली बसला. मृगात लेकरे चपला हातात घेऊन शाळेत जातात. सर्वांत मोठा त्रास सांडपाण्याचा आहे. प्रत्येकाने घरापुढे शोषखड्डा केला, परंतु काळी माती एकदा फुगली की पाणी जिरवत नाही, मग ते पाणी शेजारच्या पायाशी जाते आणि भांडणे होतात. ग्रामपंचायत घरपट्टी घेते, मात्र ले-आउट अजून हस्तांतरित झालेले नाही म्हणून खांबावर दिवे लावत नाही आणि नालीही काढत नाही. ज्यांनी विकले ते आता फोन उचलत नाहीत.

स्वस्त भूखंड द्यायचे असतील तर आधी नाली आणि पाण्याची लाइन टाका, मग लोकांना तिथे न्या. ज्यांच्याकडे नंतर खर्च करायला पैसे नाहीत, त्यांना बिनसोयीची जागा देणे हा मोठाच अन्याय होईल.

प्रतिसाद : वणाकाठ

ताई, आपला मुद्दा मूळ लेखातच यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. मोकळी जागा ले-आउटच्या मंजुरीतली अट असते आणि ती साधारण दहा टक्के असते; मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. ती हाती घेऊन सगळ्या भूखंडधारकांनी एकत्र तक्रार केली तर तिला वजन येते.

पऱ्हाटीभाऊ, आपली अडचण मी नाकारत नाही. परंतु एक गोष्ट बघा : तेच वावर कापसाखाली असते तेव्हा त्याचा भाव एक असतो आणि अकृषक आदेश हाती पडला की तो कितीतरी पट होतो. मधली वाढ जमिनीच्या कसातून आलेली नसते आणि ले-आउटवाल्याच्या कष्टातूनही पूर्णपणे आलेली नसते. रस्ता, वीज, शाळा आणि परवानगी या सगळ्या सार्वजनिक गोष्टींनी ती आणलेली असते. आपल्याला मिळाला तो वावराचा भाव. पुढची वाढ दुसऱ्याकडे गेली. मी लहान भूखंड मागतो ते त्या पुढच्या वाढीतून. त्या भूखंडांपुरते रूपांतराचे शुल्क माफ केले तर ले-आउटवाल्यावरचा भार हलका होईल आणि तो आपल्याकडून कापून घेण्याचे कारण उरणार नाही. ज्या गावात सरकारी जागाच नाही तिथे भूसंपादनाचा आपला मार्ग मला मान्य आहे.

प्रतिसाद : झाडीपट्टी

सरकारी जागा असूनही हात लावता येत नाही, अशी आमच्याकडची अवस्था आहे. नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी आपण मध्य प्रदेशात असताना ढोरांच्या चराईची, काटेरी झुडपांची जमीन अशी ही नोंद झाली, आणि त्याच जमिनीवर पुढे शाळा उभ्या राहिल्या, दवाखाने झाले, वस्त्या वसल्या. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी निकाल दिला की आपल्याच १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाप्रमाणे ही जमीन वनच मानायची. त्या तारखेपूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींना एकवेळचा अपवाद मिळाला आहे. त्यासाठी राज्याने वन (संवर्धन) अधिनियमाच्या कलम २ खाली केंद्राकडे प्रस्ताव पाठवायचा आहे. १९९६ नंतरच्या वाटपाची कारणे राज्याला द्यावी लागणार आहेत.

याचा व्यवहारातला अर्थ असा की १९९६ पूर्वीचा वाटपाचा कागद ज्यांच्या घरात कुठे पेटीत पडला असेल, त्यांनी तो आजच शोधून ठेवावा. आणि नवीन गावठाण विस्तारासाठी गट निवडताना त्यावर ‘झुडपी’ नोंद आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. नाहीतर ग्रामसभा ठराव करील, मोजणी होईल, आणि प्रस्ताव वर्षानुवर्षे वन विभागाच्या ना-हरकतीसाठी पडून राहील. जंगल राखले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जिथे झुडूपही उरलेले नाही आणि दोन पिढ्या माणसे राहतात, तिथल्या घरांचा निर्णय लवकर व्हायला हवा.

प्रतिसाद : पूसकाठ (यवतमाळ)

आमच्याकडे पारधी बेडे, कोलामांचे पोड आणि बंजाऱ्यांचे तांडे यांतल्या कितीतरी वस्त्या कोणत्याच गावठाणात मोडत नाहीत. काही ई-क्लासच्या, म्हणजे गायरानाच्या जमिनीवर आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर गायरान देण्यावर कडक बंधने आली आणि शासकीय जमिनीवरची जुनी निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण १ जानेवारी २०११ या तारखेशी बांधले गेले. त्या तारखेपूर्वीचा पुरावा मागतात तेव्हा बेड्यावरच्या माणसाने तो कुठून आणायचा? मतदार यादीतले नाव, शाळेच्या दाखल्यातली नोंद, ग्रामपंचायतीची करपावती यांपैकी जे काही असेल ते ग्रामसेवकाने स्वतः वस्तीवर जाऊन गोळा केले पाहिजे.

प्रतिसाद : मुरूम

स्थापत्य अभियंता म्हणून दोन गोष्टी जोडतो.

पहिली पायाची. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर दोन फुटांचा पाया घेऊन बांधलेल्या घरकुलाच्या भिंतींना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या चिरा जातात. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो किंवा खाली-वर आरसीसी पट्टा घेऊन खालची काळी माती काढून मुरूम भरावा लागतो, आणि अनुदानाचा मोठा हिस्सा जमिनीखालीच गडप होतो. आपल्या पूर्वजांनी पांढरी, म्हणजे गावाची वस्ती, वसवली ती उंचवट्यावर, काळ्या मातीच्या शेतांपासून दूर. गावठाण विस्तारासाठी बरड, म्हणजे मुरमाड हलकी जमीन निवडली तर पाया उथळ चालतो, शोषखड्ड्यात पाणी जिरते आणि चांगले वावरही वाचते. सरकारी जमीन बहुतेक वेळा बरडच असते, त्यामुळे हे जमण्यासारखे आहे. मंजुरीपूर्वी जागेवर दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खोल लागतो, एवढे तरी पाहावे.

दुसरी गोष्ट जुन्या गावठाणातली. प्रत्येक गावात पडके वाडे आहेत, त्यांचे वारस नागपूर-पुण्याला आहेत आणि वाटणी झालेली नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळू लागले आहे. वारसांची नावे एकदा कागदावर आली की त्यांच्याशी बोलणी करून ग्रामपंचायतीच्या मध्यस्थीने काही जागा घरकुलासाठी विकत घेता येतील. हे काम सावकाशीचे आहे, पण गावाच्या मधोमध नळ आणि नाली असलेली जागा दुसरीकडे मिळायची नाही.

प्रतिसाद : अंगणवाडीताई

आमच्या गावची ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे. ठरावात नेमके काय लिहायचे, हे कोणी सांगेल का? मागच्या वेळी ‘भूमिहीनांना जागा द्यावी’ एवढाच ठराव झाला आणि त्याचे पुढे काहीच झाले नाही.

प्रतिसाद : सातबारा

ताई, मोघम ठराव तहसीलमध्ये नुसता नस्तीला लागतो. ठरावात आधी मागणी किती आहे ते लिहावे : घरकुलाच्या यादीतील बेघर व भूमिहीन कुटुंबांची नावे, एकाच घरात राहणाऱ्या विभक्त कुटुंबांची संख्या आणि त्यावरून लागणारे क्षेत्र. मग जागा कोणती ते लिहावे : गट क्रमांक, क्षेत्र, गावठाणापासूनचे अंतर, सातबाऱ्यावरची नोंद, आणि ती झुडपी किंवा गायरान नाही याचा स्पष्ट उल्लेख. सरकारी जागा नसेल तर देण्यास तयार असलेल्या खातेदाराचे संमतिपत्र जोडावे. कलम १२२ अन्वये विस्तार मागत असल्याचे ठरावाच्या शीर्षकातच यावे. रस्ते, नाली आणि मोकळी जागा दाखवणारा आराखडा नगररचना कार्यालयाकडून करून घेण्याची विनंती त्यातच करावी, म्हणजे आपण लिहिलेली नालीची अडचण आधीच सुटेल. ठरावाची प्रत तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि जिल्हाधिकारी या तिघांना पाठवून पोच घ्यावी.

प्रतिसाद : पऱ्हाटी

गावठाणाला लागून माझा अर्धा एकर बरड तुकडा आहे, तिथे तसेही काही पिकत नाही. रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावाने पैसे मिळत असतील आणि खरेदीखत रीतसर होत असेल, तर तो द्यायला मी तयार आहे. संमतिपत्राचा नमुना असेल तर इथे टाकावा.

प्रतिसाद : सातबारा

नमुना उद्या टाकतो, भाऊ. तोवर त्या तुकड्याचा चालू सातबारा आणि गटाचा नकाशा काढून ठेवा, बाकीच्या हिस्सेदारांची संमती आहे का ते पाहा, आणि धुऱ्याबद्दल, म्हणजे बांधाबद्दल शेजाऱ्याशी वाद असेल तर उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज ग्रामसभेच्या आधीच करा, कारण मोजणीलाच सर्वांत जास्त वेळ लागतो.